आधी दुपटं, चौघडी नंतर

ताई, वय 64, उजव्या अंगठ्याचं मूळ दुखतंय, एकाच डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, सासूबाईंची सहा लुगडी कपाटात आहेत आणि डिसेंबरात नातवंड येतंय. आणि विचारताय काय, तर हाताने गोधडी शिवायचा क्लास लावू की मशीनवर उरकून टाकू! मी 71 ची. साठीला सुई धरली, त्याआधी फक्त बटणं लावली होती. त्या भांडवलावर सांगते.

क्लास नको. गोधडीला एकच टाका लागतो, धावदोरा, आणि तो तुम्हाला शाळेपासून येतो. मशीनने वरचे तुकडे जोडा हवं तर. पण विरत आलेल्या लुगड्यावर मशीनची घट्ट टीप मारली की कापड नेमकं त्या रेषेवर फाटतं. हातचा टाका सैल असतो, कापडाबरोबर हलतो.

मोठी गोधडी आत्ता काढू नका, ही माझी एकच अट. हिशोब मांडते. दुपटं 75 सेंमी बाय 100 सेंमी धरा आणि दोन ओळींत दोन सेंमी अंतर. एकूण शिवण भरते साधारण साडेसदतीस मीटर. मी रमतगमत तासाला तीन मीटर शिवते, म्हणजे बारा-तेरा तास. रोज अर्धा तास बसलात तरी महिन्याच्या आत हातावेगळं. आता पाचवारी साडीची न कापता तीन पदरी घडी घाला: साडी साडेपाच मीटरची, घडी होते 183 सेंमी लांब आणि पन्ह्याएवढी, म्हणजे 115 सेंमीच्या आसपास रुंद. हीच शिवण होते 105 मीटर. पहिल्याच खेपेला एवढं अंगावर घेतलेल्या दोघीजणी मला माहीत आहेत, दोघींच्या गोधड्या अर्ध्या शिवून माळ्यावर आहेत.

दुसरं म्हणजे धुणं. नवरात्राआधी घरच्या सगळ्या गोधड्या नदीवर जायच्या, आठवतंय ना? ओली गोधडी पिळायला दोन टोकांना दोघी लागायच्या. सहा-सात थर घालताना छान ऊबदार वाटतं, पण पुढे ती बादलीतून उचलायची तुम्हालाच आहे, त्याच अंगठ्याने. दुपट्याला तीन पदर पुरे. चौघडी नावाप्रमाणे चार पदरांची, ती पुढच्या हिवाळ्यात.

लुगडी आधी रात्रभर पाण्यात भिजवा, खळ पूर्ण जाऊ दे. मग उजेडासमोर धरून बघा. लुगडं बसायच्या जागी विरतं, तिथे जाळीसारखं दिसेल. हलक्या हाताने ताणल्यावर चर्र झालं तर तो भाग वरच्या पदराला घेऊ नका, पोटात घाला. जरीचा काठ असेल तर काढा, बाळाला टोचतो. पन्ह्यातून 100 सेंमी सहज निघतात, लांबीतून 75 चे तीन तुकडे घेतलेत की झालं, नऊवारीतलं बरंचसं शिल्लकच राहतं. सिंथेटिक साडी मध्ये घुसवू नका: सुई अडते, घाम शोषला जात नाही, आणि धुतल्यावर सुती पदर आटतो, ती आटत नाही. (एखाद्या लुगड्याला मधोमध आडवी शिवण दिसली तर तो दंड. विरलेला मधला भाग कापून दोन्ही टोकं जोडलेली असतात. तो उसवू नका. सासूबाईंच्या हातचा टाका असेल कदाचित.)

आता माझी फजिती. पहिल्या गोधडीला मी टाचण घातलंच नाही. आपल्याकडे काठापासून सुरुवात करून चौकोनात फिरत फिरत आत जायची पद्धत आहे, त्यामुळे वरच्या पदराचं जास्तीचं कापड प्रत्येक फेरीला थोडं थोडं आत सरकत जातं. मी शेवटच्या दोन वितींवर आले तर मधोमध हा एवढा पुरीसारखा फुगा! अकरा फेऱ्या उसवायचं जिवावर आलं. शेवटी फुग्याची चुण घालून दाबली आणि वर पिवळं ठिगळ लावलं. बघणारे म्हणतात, काय सुंदर डिझाईन आहे. तर टाचण घालाच. पदर पलंगावर किंवा जेवणाच्या टेबलावर पसरा, तळहाताने मधून बाहेर सारखे करा, आणि वीतभर अंतरावर मोठे कच्चे टाके घाला, तेही मधून काठाकडे. शिवून झालं की ते ओढून काढायचे.

उत्तर कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या, बायकाही अशाच काठाकडून आत जातात. त्यांच्या गोधडीच्या चारी कोपऱ्यांना रंगीत चिंध्यांच्या घड्यांची फुलं असतात, फुलांशिवाय ती पूर्ण झाली असं त्या मानत नाहीत. मी हल्ली माझ्याही कोपऱ्यांना एकेक लावते. बाळाच्या दुपट्याला मात्र नको, तोंडात जातं.

सुई. दाभण नको, भोकं पडतात. भरतकामाची, लांब नेढ्याची, मध्यम जाडीची घ्या. दोरा भरतकामाचाच, सहा पदरांपैकी तीन वापरायचे. आठ मीटरच्या चार लड्या पुरतात. दोरा एका वेळी हातभरापेक्षा थोडाच जास्त घ्या, लांब घेतला की गुंततो आणि प्रत्येक टाक्याला खांदा उचलावा लागतो. याचा अर्थ एका दुपट्याला साधारण पंचाहत्तर वेळा सुई ओवायची. तुमचा खरा शत्रू हा! मी सकाळी चहा झाल्यावर गॅलरीतल्या उजेडात दहा सुया एकदम ओवून स्पंजच्या तुकड्यावर टोचून ठेवते. दिवसभर चष्मा चढव-उतरव नाही. दोरा कापडाहून गडद निवडा, पांढऱ्यावर पांढरा दिसत नाही. आणि उजेड डाव्या खांद्यावरून येऊ दे, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही.

अंगठ्याचं दुखणं मलाही आहे. सुई चिमटीत धरून ओढताना बोटांवर जेवढा जोर येतो, त्याच्या कित्येक पट भार अंगठ्याच्या मुळाशी जातो. म्हणून ढकलायचं काम मधल्या बोटाकडे द्या, त्यावर अंगुस्तान, म्हणजे शिंप्याची बोटातली टोपी, चढवा. पहिले दोन दिवस बोट परक्याचं वाटतं, मग त्याच्याशिवाय चैन पडत नाही. ओढायला फुटक्या फुग्याचा तुकडा. त्याने सुई धरली की घसरत नाही, चिमूट आवळावी लागत नाही. सुईवर तीन टाके भरायचा मोह होईल, तुम्ही दोनच भरा. आणि वीस मिनिटांचा गजर लावा. दुखायला लागल्यावर थांबायचं नाही, त्याच्या आधी थांबायचं. बोटं सकाळी आखडत असतील किंवा सूज असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, हे माझ्या अखत्यारीतलं नाही.

बाळाचं असल्यामुळे दोन गोष्टी. सुया मोजून काढायच्या, मोजून ठेवायच्या, आणि शेवटी दुपट्यावरून दोन्ही बाजूंनी लोहचुंबक फिरवायचं. एकदा नऊच सुया परत आल्या तेव्हा मी रात्री अकरापर्यंत चाचपत बसले होते, सुई माझ्याच पदराला टोचलेली होती. गाठी पदरांच्या आत ओढून घ्या, वर राहू देऊ नका. आणि दुपटं अंगाखाली, मांडीवर, मालिशीनंतर गुंडाळायला. झोपलेल्या तान्ह्याच्या अंगावर सैल पांघरूण टाकायचं नाही, हे सुनेला डॉक्टर सांगतीलच, तिथे आपलं घोडं पुढे दामटू नका.

आज एकच लुगडं भिजत घाला. मध्ये फुगा आलाच तर उसवायच्या आधी मला फोटो पाठवा. पिवळं कापड अजून आहे माझ्याकडे.