इंजिनिअर झालेल्या मुलीनं मार्केटिंग का करावं?

नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुमचं मशीन शॉप, मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. वर्गातल्या तिघांबरोबर ती फौंड्रीतल्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातल्या, रिजेक्शनची (नापास मालाची) नोंद ठेवणारं ॲप करते आहे. तिघं कोडिंग करतात आणि ती शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमधून फिरते. पुण्याच्या एका आयटी कंपनीची ऑफरही हातात आहे. ‘चार वर्षं शिकवलं ते दारोदार फिरायला का?’ असं तुम्ही विचारलंय.

माझं मत आधीच सांगते. त्या चौघांत सगळ्यात अवघड काम तुमच्या मुलीकडं आहे, आणि ते ॲप तगलं तर बऱ्याच अंशी तिच्या फिरण्यामुळंच तगेल.

ॲपचे पैसे देणार मालक, नोंद करणार शिफ्टचा सुपरवायझर आणि रिपोर्ट मागणार गिऱ्हाईक कंपनीचा क्वालिटीवाला. तिघांची दुखणी वेगळी. मालकाला सॉफ्टवेअरची हौस नसते, ब्लोहोलमुळं (आत वायू अडकून पडलेल्या पोकळीमुळं) परत भट्टीत जाणारं कास्टिंग कमी झालेलं हवं असतं. सुपरवायझरला शिफ्ट सुटताना, हात मातीनं भरलेले असताना, मोबाईलवर पंधरा रकाने भरायचे नसतात. तो ‘वहीच बरी’ म्हणणार. क्वालिटीवाल्याला एखादा पीस कुठल्या हीटचा, म्हणजे भट्टीतल्या कुठल्या खेपेचा, हे लगेच सापडायला हवं. हे सगळं शॉप फ्लोअरवर उभं राहिल्यावर कळतं. मग परत येऊन मित्रांना सांगायचं, की पंधरा रकाने काढा, चारच ठेवा. महिन्याला पैसे घ्यायचे की एकरकमी, आधी मोठ्या फौंड्रीत जायचं की छोट्या, हेही त्यातूनच ठरतं. तुम्ही नव्या कंपनीचं काम धरताना आधी सॅम्पल पीस पास करून घेता, मगच लॉट लावता ना? ती तेच करते आहे.

यालाच मार्केटिंग म्हणतात, जाहिरात हा त्यातला छोटा भाग. ड्रॉपबॉक्स या अमेरिकन कंपनीनं २००८ मध्ये फाईल साठवण्याची सेवा सर्वांसाठी खुली केली. गूगलवर जाहिराती दिल्या, तर वर्षाला ९९ डॉलर देणारा एक ग्राहक मिळवायला २०० डॉलरहून जास्त खर्च येऊ लागला. मग त्यांनी मित्राला आणलं तर दोघांनाही जादा जागा मोफत, अशी योजना काढली. सप्टेंबर २००८ मधले सुमारे १ लाख वापरकर्ते जानेवारी २०१० पर्यंत ४० लाखांवर गेले. सेवा तीच होती, पण ती माणसामाणसांतून कशी पसरेल याचा विचार कुणीतरी केला होता. शिरोलीत तर एका मालकाचं चांगलं मत दुसऱ्यापर्यंत चहाच्या वेळेतच पोचतं. स्मॅक, गोशिमा या उद्योजकांच्या संघटनांमध्ये तुमच्या ओळखी असतील. तिला तिथं घेऊन जा, पण बोलू दे तिलाच. मुलगी एकटी फौंड्रीत जाते याची काळजी तुम्ही लिहिली आहे, ती मला समजते. सुरुवातीला एका मित्रानं सोबत जावं आणि भेटी दिवसाउजेडी ठेवाव्यात. तिला थांबवू मात्र नका.

आता ऑफरचं. ती नाकारायची घाई नको. जॉइनिंगची तारीख येईपर्यंत वेळ आहे. तोवर दोन-तीन फौंड्र्यांनी खिशातून पैसे देऊन ॲप वापरायला घेतलं, तर पुढं जाण्याचा विचार करा. ‘छान केलंय पोरी’ हे धरू नका, बिल भरलं का ते बघा. कुणीच पैसे दिले नाहीत, तर तिनं पुण्याला जावं. हा अनुभव तिथंही चालतो. स्वतःचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांत प्रॉडक्ट मॅनेजर, प्री-सेल्स (विक्रीआधी ग्राहकाला सॉफ्टवेअर समजावून देणं), प्रॉडक्ट मार्केटिंग अशा जागा असतात, आणि ग्राहकाला डेमो दिलेला इंजिनिअर तिथं हवाच असतो. कोडिंग तिनं सोडू नये. डेमोत काही अडलं, तर का अडलं हे तिला सांगता आलं पाहिजे.

एक गोष्ट मात्र या आठवड्यातच करा. चौघांचा हिस्सा किती, हे कागदावर आलंय का, ते विचारा. ‘आम्ही बनवलं, तू फक्त फिरलीस’ असं म्हणून मार्केटिंग सांभाळणाऱ्याला मागं टाकलं जातं, आणि पैसे येऊ लागल्यावर हे बोलणं फार कठीण होतं. कुणी मध्येच सोडलं तर त्याच्या हिश्शाचं काय, हेही त्यातच लिहा. तुमच्या ओळखीच्या सीएंना दाखवून चौघांच्या सह्या घ्या, कंपनीची नोंदणी त्यानंतर.