बॅकला कोण विचारतं?

प्रश्न : मुलगी फुटबॉलमध्ये बॅकला, म्हणजे बचावफळीत खेळते. गोल नाही, फोटो नाही. परदेशात अशा मुलींचं काही होतं का हो? – एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, मीही कॉलेजात बॅकच होते, त्यामुळे फोटोचं दुःख ठाऊक आहे! इंग्लंडची ल्युसी ब्रॉन्झ पाहा. राइट बॅक. नियमामुळे बाराव्या वर्षी मुलांच्या संघातून बाहेर पडावं लागलं. 2009 मध्ये शिकायला आणि खेळायला अमेरिकेला गेली. पुढे फ्रान्समध्ये लिओंकडून चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा) सलग तीनदा जिंकली, नंतर बार्सिलोनाकडून आणखी दोनदा. 2020 मध्ये तर फिफाची सर्वोत्तम खेळाडू! 2025 ची युरो स्पर्धा ती नडगीचं हाड मोडलेलं असताना खेळली. (हे मात्र लेकीला सांगू नका.) सध्या लेकीला डाव्या पायाने पास द्यायला शिकवा.