आमदार व्हायचंय ना, मग आधी प्रश्न लिहायला शिक

प्रिय बाळा,

परवा फोनवर म्हणालास, काका मला आमदार व्हायचंय, आणि मी घाईत नुसतं हो हो करून फोन ठेवला, तेव्हापासून मनाला लागलंय म्हणून आज निवांत लिहितोय. विधानसभेला वय २५ पूर्ण लागतं, तुझ्या हातात अजून ३ वर्षं आहेत, ती बॅनरवर घालवू नकोस.

मी आमदारांचा पीए म्हणून बरीच वर्षं काढली. दिवस कशात जातो माहितीये? लग्न, दहावा, बदलीचं पत्र, पोलीस स्टेशनला फोन. हे टाळता येत नाही, लोक आशेनं येतात. पण २८८ जणांच्या सभागृहात तुझ्या तालुक्याचं तुलाच बोलायचंय, आणि ते काम कुणी शिकवत नाही.

आमचा पहिला तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं असतं तो, मीच लिहिला होता, "तालुक्यातील रस्त्यांची दुरवस्था झाली आहे, हे खरे आहे काय?" छापील उत्तर आलं, "हे खरे नाही." खाली चौकशी विचारली, विलंबाची कारणं विचारली, सगळ्यांपुढे "प्रश्न उद्भवत नाही." संपला विषय. पुढच्या वेळी आम्ही एकच पूल धरला, वर्क ऑर्डरची तारीख, निघालेलं बिल, काम कुठे थांबलं, महिनाभर कागद गोळा केले आणि तेवढंच विचारलं, तेव्हा कुठे "अंशतः खरे आहे" आलं आणि उपप्रश्नाला मंत्र्यांना उभं राहून बोलावं लागलं.

पुरवणी मागण्यांची, म्हणजे बजेटनंतर सरकार सभागृहाकडे जो जादा पैसा मागतं त्याची, पुस्तकं पण वाचायला शिक, कितीतरी जण ती उघडत नाहीत याचा मला खरंच राग येतो, कुठल्या कामाला पैसा गेला ते तिथेच दिसतं ना.

पक्ष मात्र जपून निवड. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षाचा आदेश, मोडून मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते.

आणि पोटापाण्याचं स्वतःचं काहीतरी ठेव. सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले, पण १९७२ ला आणि १९९५ ला तेही पडले. पडल्यावर घर कशावर चालणार हे आत्ताच घरच्यांशी बोल, ज्यांनी नाही बोललं त्यांची कर्जं मी बघितलीत.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला नागपूरला ये, गॅलरीच्या पासचं मी बघतो. येताना गावातल्या एकाच गोष्टीवर प्रश्न लिहून आण, असा की "हे खरे नाही" म्हणायला जागाच राहणार नाही. रात्री बसून दोघं तपासू.

तुझा काका