उद्योगधंद्याचा अनुभव असलेला उमेदवार सरकार चांगलं चालवू शकतो का?

नुसत्या धंद्याच्या अनुभवावर नाही. तो उपयोगी पडतो, पण पुरा पडत नाही. कंपनीचा मालक तोट्यातली शाखा एका सहीत बंद करतो. सरकारला मात्र दुर्गम भागातलं आरोग्य केंद्र तोटा सोसून चालवावंच लागतं, खर्चाला विधिमंडळाची मंजुरी लागते आणि विरोधकांना नोकरीवरून काढताही येत नाही! अमेरिकेचंच बघा: खाणउद्योगात गडगंज कमावलेले हर्बर्ट हूव्हर राष्ट्राध्यक्ष झाले, पण १९२९ला सुरू झालेल्या महामंदीपुढे हतबल ठरले आणि १९३२ची निवडणूक सपाटून हरले. उलट हॅरी ट्रूमन यांचं कपड्यांचं दुकान १९२२मध्ये बुडालं होतं, तरी पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर इतिहासकार त्यांना राष्ट्राध्यक्षांच्या वरच्या रांगेत बसवतात. हां, वाटाघाटी, कंत्राटं, ताळेबंद यांत उद्योजकाची नजर तयार असते. फक्त त्याचीच कंपनी सरकारी कंत्राटं घेते का, ते आधी तपासा.