असिरियन लोकांवर वाचायचंय तर उलट्या टोकाने सुरुवात करा

तुम्ही विचारलंय की मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निमरूदच्या राजवाड्यातले दगडी पट बघितल्यापासून असिरियावर, म्हणजे आजच्या उत्तर इराकातल्या त्या प्राचीन राज्यावर, वाचायचंय, सुरुवात कुठून करू, आणि ती माणसं पुढे कुठे गेली. मी म्हणेन दुसरा प्रश्न आधी घ्या. साम्राज्यापासून सुरू केलं की इ.स.पू. 612 ला निनवे ही राजधानी पडते, पुस्तक मिटतं आणि संपले बिचारे असं वाटतं, मी स्वतः कित्येक वर्षं त्याच समजुतीत होतो. पण ते लोक आजही आहेत, ख्रिश्चन आहेत, अरामाईक या प्राचीन भाषेची आजची बोली घरात बोलतात, आणि 1915 मध्ये ऑटोमन तुर्कस्तानात त्यांची जी कत्तल झाली तिला ते सैफो म्हणतात, म्हणजे तलवार. आपल्याकडचं सैफ हे नाव आठवा, तोच शब्द.

पहिलं जोसेफ नायेमचं 'शॅल धिस नेशन डाय?' घ्या, 1921 चं आहे, स्कॅन नेटवर मिळतो. हा आजच्या तुर्कस्तानातल्या उर्फाचा खाल्डियन, म्हणजे त्यांच्यातल्या रोमशी जोडलेल्या चर्चचा, पाद्री, वडील मारले गेले आणि हा बेदुइनाच्या वेषात निसटला, नंतर वाचलेल्या माणसांना भेटून त्यांच्या तोंडून ऐकलेलं लिहून काढलं. सलग वाचवत नाही, थांबत थांबत वाचा.

मग डेव्हिड गाँटचं 2006 चं 'मॅसकर्स, रेझिस्टन्स, प्रोटेक्टर्स'. जाडजूड आहे, पण माझ्या मते या विषयावरचं सगळ्यात भक्कम काम हेच. ऑटोमन कागद, मिशनऱ्यांची पत्रं, घराघरांतल्या आठवणी, सगळं समोरासमोर ठेवून तपासलंय. आग्नेय तुर्कस्तानातल्या तूर अब्दीन भागातल्या ऐनवर्दो गावाने चर्चला तटबंदी करून कित्येक आठवडे वेढा कसा झेलला ते वाचाच. आणि मागची गावांची यादी सोडू नका, एकेका गावात कोण राहायचं आणि त्यांचं काय झालं असं दोनचार ओळींत दिलंय, मला पुस्तकातलं सगळ्यात जास्त तेच लागलं. पॅरिसच्या शांतता परिषदेत त्यांच्या शिष्टमंडळाने मृतांचा आकडा अडीच लाख सांगितला होता, म्हणजे जवळजवळ निम्मा समाज.

तिथेच थांबू नका, उत्तर इराकातल्या सिमेले गावी 1933 मध्ये जे झालं तेपण वाचा. स्वतंत्र इराकच्या सैन्याने केलेलं हत्याकांड, ब्रिटिशांच्या हिशेबाने 600 मेले, असिरियन लोक 3000 सांगतात. 'जेनोसाइड' हा शब्द पुढे ज्याने घडवला त्या राफाएल लेमकिनच्या विचारामागे ही घटनापण होती. स्टॅफर्ड नावाचा ब्रिटिश अधिकारी तेव्हा तिथेच होता, त्याचं 1935 चं पुस्तक आहे, फक्त तो सरकारी चष्म्यातून बघतो हे लक्षात ठेवून वाचा.

भाषेसाठी जेफ्री खानचं उत्तर इराकातल्या बरवार भागाच्या बोलीवरचं काम, 3 खंड, 2008. महाग आहे, लायब्ररीतूनच मागवा. व्याकरण झेपलं नाही तरी तिसरा खंड उघडा, त्यात गावकऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी आहेत, शेजारी इंग्रजी. निरोप घेताना 'पुश ब्शेना' म्हणतात, सुखात राहा, आपल्या आज्या म्हणायच्या तसंच. अभिजात सिरियॅक, म्हणजे त्यांच्या चर्चची जुनी अरामाईक, शिकायची असेल तर केरळ आहेच, कोट्टायमला सीरी ही संस्था शिकवते, आणि त्रिशूरला तर असिरियन चर्च ऑफ द ईस्टचीच शाखा आहे.

एक विनंती, अश्शूर (असिरियाचं मूळ नाव) म्हणजे आपले असुर हा वाद कुठे दिसला तर त्यात अडकू नका, नावसाम्यावर पानंच्या पानं लिहिली जातात आणि त्यात आजचा असिरियन माणूस कुठेच नसतो.

एवढं झालं की मग प्राचीन काळ. एकार्ट फ्रामचं 2023 चं पुस्तक, एकच घ्यायचं तर हे. आणि जोडीला होर्मुझ्द रस्सामचं 1897 चं पुस्तक, हा मोसुलचा, त्यांच्यातलाच, निनवेला अशुरबनिपाल राजाचा सिंहाच्या शिकारीचा पट यानेच उकरून काढला. तेव्हाच्या पेट्या बसऱ्याहून मुंबईमार्गे लंडनला जायच्या, तुम्ही बघितलेल्या दगडांची वाट तीच. निमरूदचा राजवाडा 2015 मध्ये आयसिसने सुरुंग लावून उडवला, आता पुन्हा म्युझियमला गेलात तर त्या पटांपुढे जरा जास्त वेळ उभे राहा.