दुर्गम, धोक्याच्या भागात काम करणाऱ्या आमच्या फादरांना गाडी भेट द्यायची आहे. कोणती घ्यावी?

आधी ड्रायव्हरच्या पगाराची सोय करा, मग गाडीचं बघू.

माझं वसईत गॅरेज आहे. धाकटा भाऊ धर्मगुरू, अरुणाचलात चांगलांग जिल्ह्यात असतो. मियाओहून विजयनगर १५७ किलोमीटर, नामदफाच्या जंगलातून. रस्ता नव्हता तेव्हा तिथली माणसं पाठीवर मीठ घेऊन दिवसच्या दिवस चालायची. आता रस्ता आहे, पण पावसाळ्यात दरड कधी येईल सांगता येत नाही.

माझ्या मेव्हण्याने धर्मग्रामात (आमच्या चर्चच्या पॅरिशमध्ये) वर्गणी काढून भावाला डिझेल एसयूव्ही पाठवली. मी तेव्हाच बोललो होतो, बीएस-६ डिझेल नको. त्याच्या एक्झॉस्टमध्ये काजळीचा फिल्टर असतो आणि ती काजळी जळायला गाडी थोडा वेळ सलग वेगात पळावी लागते. तिथे दिवसभर पहिला नाहीतर दुसरा गिअर. व्हायचं तेच झालं. फिल्टर चोक, पिवळा दिवा, गाडी लिंप मोडमध्ये (इंजिन वाचवायला गाडी स्वतःच ताकद कमी करते), चढ चढेना. आणि आत फादर नव्हते, अडलेली बाई होती. (अशा भागात मिशनची गाडी म्हणजे गावची अँब्युलन्सच.) गावकऱ्यांनी तिला उचलून पुढे नेलं. बाई आणि बाळ सुखरूप. गाडी मात्र ओढत आसामात तिनसुकियाला न्यावी लागली, कारण गाडीतला बिघाड वाचणारा स्कॅनर तिथे. भावाने डॅशबोर्डचा फोटो पाठवला होता, तो मला रेंज मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी दिसला.

मेव्हणा आजही म्हणतो, ड्रायव्हरने गाडीची वाट लावली. आणि वर जर्मनीचा दाखला देतो. पॉल शुल्ते या फादरांचा मित्र आफ्रिकेत वेळेवर वाहन न मिळाल्याने गेला, म्हणून त्यांनी १९२७ मध्ये मिवा ही संस्था काढली, मिशनला वाहनं पुरवायला. बरोबर आहे. पण ऑस्ट्रियातली मिवा लोकांकडे काय मागते? अपघाताविना केलेल्या दर किलोमीटरमागे सेंटचा दहावा भाग. दहा हजार किलोमीटरला दहा युरो. दरवर्षी! आमच्याकडे हार घालून फोटो काढला की वर्गणी संपली. ड्रायव्हरचा पगार कोण देणार, टायर कोण घालणार, क्लच प्लेट कोण बदलणार?

तेव्हा डोंगरात पेट्रोल फोर-बाय-फोर घ्या, चांगली सेकंडहँड जिप्सी मिळाली तरी चालेल. ड्रायव्हर तिथलाच हवा. कुठल्या वळणावर कोण अडवतं आणि त्याच्याशी कसं बोलायचं, हे वसईच्या पोराला कळणार नाही. अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही. बंदूकवाला पोलीस सोबत घेऊ नका, फादर एका बाजूचे ठरतात. गाडीवर देणगीदारांची नावंही रंगवू नका. मेव्हण्याचं मागच्या काचेवर आहे.

तुमचे फादर मैदानी भागात, हायवेलगत असतील तर डिझेल बिनधास्त घ्या. ते नेमके कुठे आहेत हे तुम्ही लिहिलंच नाही.