मुलीला ‘टेप बदलायची’ नोकरी मिळतेय, घेऊ द्यावी का?

चिपळूणहून एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलं आहे:

“माझी मुलगी बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे. नवी मुंबईतील महापे येथील एका डेटा सेंटरमध्ये तिने दोन महिने इंटर्नशिप केली आणि आता तिथूनच बॅकअप ऑपरेटर म्हणून बोलावणे आले आहे. काम काय विचारले तर म्हणते, टेपा लावायच्या, काढायच्या आणि आग लागली, पूर आला तर त्यावरून सगळा डेटा सर्व्हरवर परत घालायचा. आमच्या घरातून कॅसेट जाऊन वीस वर्षे झाली. तिच्या मैत्रिणी क्लाउडचे कोर्स करत आहेत. ही मात्र तिथल्या एका डीआर ड्रिलने, म्हणजे आपत्तीनंतर यंत्रणा परत उभी करण्याच्या रंगीत तालमीने, भारावली आहे. २०२१ च्या पुरात आमच्या शाळेचे जनरल रजिस्टर भिजले होते. पंख्याखाली एकेक पान वाळवायला ती माझ्यासोबत बसली होती. म्हणते, ‘बाबा, हे तेच काम आहे.’ मला उमगत नाही. शिवाय रात्रपाळी आहे. काय करावे?”

आदरणीय गुरुजी,

सप्रेम नमस्कार.

आधी उत्तर सांगतो, कारणं मग. नोकरी घेऊ द्या, पण एका अटीवर. तिला रिस्टोअर करायला मिळालं पाहिजे, म्हणजे टेपेवरून डेटा परत आणायचं काम. नुसत्या टेपा बदलायच्या असतील तर सहा महिन्यांत ती कंटाळेल आणि तुमची शंका खरी ठरेल.

कॅसेटबद्दल तुम्हाला वाटतं ते स्वाभाविक आहे. गाण्यांची कॅसेट गेली, पण फीत गेली नाही. डेटा सेंटरमध्ये वापरतात त्या टेपेला एलटीओ म्हणतात. २००० साली पहिली आली तेव्हा तिच्यात १०० गिगाबाइट मावायचे. २०२१ मध्ये आलेल्या नवव्या पिढीच्या कार्ट्रिजमध्ये १८ टेराबाइट मावतात, तेही डेटा न दाबता. तळहातावर मावणाऱ्या डबीत अर्ध्या इंच रुंदीची, किलोमीटरभराहून लांब फीत असते.

आणि ती अजून का टिकली? कपाटात ठेवलेल्या टेपेला वायर नसते. चालू सर्व्हरवर जे संकट येतं, ते तिच्यापर्यंत पोचत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलच्या एका सॉफ्टवेअर अपडेटमधल्या चुकीमुळे जीमेलच्या ०.०२ टक्के वापरकर्त्यांच्या पेट्या रिकाम्या दिसू लागल्या. गूगल डेटाच्या अनेक प्रती वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये ठेवतं, पण त्या ऑनलाइन प्रतींनाही त्या चुकीनं गाठलं होतं. पत्रं परत आली ती टेपेवरून. पुढच्याच वर्षी गूगल म्युझिकमध्ये डेटा पुसणाऱ्या एका प्रोग्रॅमनं नको ते पुसलं. सुमारे सहा लाख गाणी गेली. बाहेरच्या गोदामांतून पाच हजारांहून जास्त टेपा ट्रकनं मागवाव्या लागल्या आणि टेप लायब्ररीच्या, म्हणजे टेपा ठेवणाऱ्या मोठ्या कपाटयंत्राच्या, रोबोटपेक्षा माणसं भराभर भरतील म्हणून कर्मचाऱ्यांनी त्या हातानं टेप वाचणाऱ्या ड्राइव्हच्या यंत्रांत भरल्या. जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक, आणि तिथे अडल्या वेळी लागली ती टेपा हाताळणारी माणसं.

उलटं उदाहरण अगदी अलीकडचं आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात डेजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवायच्या जी-ड्राइव्ह या यंत्रणेतला ८५८ टेराबाइट डेटा जळाला. त्याची बाहेर कुठेही प्रत नव्हती. एवढा डेटा एलटीओ-९ च्या ४८ कार्ट्रिजमध्ये मावला असता, म्हणजे तुमच्या घरच्या पुस्तकांच्या एका कप्प्यात. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा, हल्ला झाला आणि रुग्णनोंदणी कागदावर करावी लागली. तिथला ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला, कारण एका बॅकअप सर्व्हरला हल्ल्याची झळ लागली नव्हती. तो सर्व्हर होता, टेप नव्हती. पण वेगळी राहिलेली एक प्रत काय करते ते यात दिसतं.

आता तिच्या खऱ्या कामाकडे येतो. यावर थोडं जास्त लिहितो, कारण तुमची शंका इथेच आहे.

बॅकअप रोज होतो, आपोआप होतो. सकाळी पडद्यावर हिरवी खूण दिसली की सगळे निर्धास्त. पण त्या खुणेचा अर्थ एवढाच की टेपेवर काहीतरी लिहिलं गेलं. ते परत वाचता येईल का, योग्य जागी बसेल का, किती वेळात, हे रिस्टोअर केल्याशिवाय कळत नाही. समजा एका कंपनीच्या स्टोरेज सर्व्हरवर २०० टेराबाइटच्या फायली होत्या आणि तो जळाला. नवा सर्व्हर आला, एलटीओ-८ चे चार ड्राइव्ह आहेत. एक ड्राइव्ह सेकंदाला ३६० मेगाबाइट वाचतो, म्हणजे तासाला सुमारे १.३ टेराबाइट. चार ड्राइव्हांना कागदावर साडेअडतीस तास लागतात. प्रत्यक्षात तेवढ्यात कधीच होत नाही. फायली छोट्या आणि कोट्यवधी असतील तर सर्व्हर प्रत्येकीची नोंद करण्यातच दमतो आणि टेप त्याची वाट बघत थांबते. थांबली की मागे जाते, पुन्हा पुढे येते. बूट पॉलिश करणाऱ्याच्या फडक्यासारखी ती मागेपुढे होते, म्हणून या धंद्यात त्याला ‘शू-शाइनिंग’च म्हणतात. बॅकअप लवकर उरकावा म्हणून कुणी दहा सर्व्हरांचा डेटा एकाच टेपेवर आलटूनपालटून लिहिला असेल, तर त्यातला एक सर्व्हर परत आणताना बाकी नऊ जणांचा डेटा ओलांडत जावं लागतं. रात्री वाचवलेला वेळ संकटाच्या दिवशी असा व्याजासकट द्यावा लागतो. हे ज्या माणसाला आधी कळतं, तो बॅकअपची मांडणीच वेगळी करतो. तुमच्या मुलीनं तो माणूस व्हावं असं मला वाटतं.

माझा अनुभव सांगतो. मुंबईच्या उपनगरात एका कंपनीत मी सिस्टीम ॲडमिन होतो. २६ जुलै २००५, मंगळवार. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमची सर्व्हर रूम तळमजल्यावर होती, छातीपर्यंत पाणी. पण अकाउंट्समधले एक काका दर शुक्रवारी आठवड्याची टेप डब्याच्या पिशवीतून ठाण्याला घरी न्यायचे, तिसऱ्या मजल्यावर. ती टेप कोरडी होती. नवा सर्व्हर आला, टेप लावली, आणि सॉफ्टवेअरला त्या टेपेवर काय आहे ते माहीतच नाही! कुठली फाइल कुठल्या टेपेवर, कुठल्या जागी, याची सूची म्हणजे कॅटलॉग. तो बुडालेल्या बॅकअप सर्व्हरवर होता आणि त्याची प्रत आम्ही कधी काढलीच नव्हती. ग्रंथालय शाबूत, पण नोंदवही वाहून गेलेली. मग एकेक टेप पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत वाचून सूची नव्यानं बनवली. त्यात चार दिवस गेले, पगाराची तारीख तोंडावर आलेली. शुक्रवारनंतरचं काम तर गेलंच, ते लोकांनी चलनं आणि बिलं बघून हातानं भरलं.

शुक्रवारनंतरचं गेलं तसं जास्तीत जास्त किती काळाचं काम गेलेलं चालेल, या आधी ठरवलेल्या मर्यादेला पुस्तकात आरपीओ (रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह) म्हणतात, कामकाज किती वेळात परत सुरू व्हायला हवं या मर्यादेला आरटीओ (रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह). परीक्षेत दोन ओळींची व्याख्या लिहून मार्क मिळतात. मला ते शब्द त्या आठवड्यात कळले. तेव्हापासून कुणी मला “आमचा बॅकअप रोज होतो” असं सांगितलं की मी एवढंच विचारतो, परत शेवटचं कधी आणलं होतं?

आज आणखी एक गाठ वाढली आहे. टेपेवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करून लिहितात, ही सोय एलटीओच्या चौथ्या पिढीपासून ड्राइव्हमध्येच आहे. टेप हरवली तरी कुणाला वाचता येऊ नये म्हणून ते चांगलंच. पण किल्ल्या ठेवणारा सर्व्हर त्याच आगीत गेला आणि त्याची प्रत त्याच कुलूपबंद टेपेवर असेल, तर टेपा जळाल्या काय आणि राहिल्या काय, सारखंच. म्हणून संकटात क्रम महत्त्वाचा असतो. आधी नेटवर्क आणि लोकांची लॉगिन ओळखणारी यंत्रणा, मग किल्ल्या, मग बॅकअप सर्व्हर आणि त्याचा कॅटलॉग, मग स्टोरेजवर रिकामे व्हॉल्यूम, म्हणजे डेटा ठेवायचे कप्पे, तयार करणं, आणि त्यानंतर खरा डेटा. तोही आधी पूर्ण बॅकअप, मग त्यानंतरचे रोजचे बदल, तारखेच्या क्रमानं. शेवटी फायलींवरचे हक्क तपासायचे. पगाराच्या फायली सगळ्या ऑफिसला दिसू लागल्या तर ते रिस्टोअर यशस्वी म्हणायचं कसं? ड्रिलमध्ये तुमच्या मुलीनं हे सगळं पाहिलं असणार. भारावली यात नवल नाही.

टेप हाच सगळ्यावर उपाय, असं तिनं मानू नये. शेअर बाजारासारख्या ठिकाणी तासन्‌तास थांबायला वेळ नसतो. सेबीनं २०२१ मध्ये बाजारांना घालून दिलेली मर्यादा संकट जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांची आहे. तिथे दुसऱ्या शहरात जुळी यंत्रणा सतत चालू ठेवतात. टेप लागते ती जुळ्या यंत्रणेतही तीच चूक उतरते तेव्हा. दोन्ही शिकायला हवं. क्लाउडला ती वैरी नाही. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्येही टेप लायब्ररीचं सोंग घेणारी सेवा आहे, कारण कंपन्यांची बॅकअप सॉफ्टवेअर अजून टेपेच्याच भाषेत बोलतात. मैत्रिणींचे कोर्स वाया जाणार नाहीत, तिनं ते पुढच्या वर्षी करावेत. पण चालू यंत्रणा कोसळल्यावर हात कसा चालतो, ते कोर्समध्ये मिळत नाही. आणि या कामाला महाराष्ट्रात घर आहे. नवी मुंबईच्या एमआयडीसी पट्ट्यात डेटा सेंटरं आहेत, नेटबॅकअप हे बॅकअप सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हेरिटासचं मोठं केंद्र पुण्यात होतं, द्रुवा ही बॅकअप कंपनी २००८ मध्ये पुण्यातच सुरू झाली. मुंबईचे पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओ चित्रपटांचं मूळ चित्रण एलटीओवर सांभाळतात. ऑपरेटर, मग बॅकअप ॲडमिन, मग स्टोरेज किंवा डीआरचं नियोजन, अशी चढण आहे. मात्र पहिल्या पायरीवर दोन वर्षांपेक्षा जास्त थांबू नये, हे माझं स्पष्ट मत.

रुजू होण्याआधी घरी सराव करता येईल, खर्च नाही. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम घाला. एमएचव्हीटीएल नावाचं मोफत सॉफ्टवेअर खोटी टेप लायब्ररी उभी करतं, ड्राइव्ह आणि रोबोटसकट. त्यावर बॅक्युला हे मोफत बॅकअप सॉफ्टवेअर चालवावं. पन्नास हजार छोट्या फायली बनवून त्यांचा बॅकअप घ्यावा, मग बॅक्युलाचा कॅटलॉग मुद्दाम पुसून टाकावा आणि बॅक्युलातलंच बीस्कॅन हे साधन वापरून टेपेवरून तो परत बांधावा. मला चार दिवस लागलेलं काम तिला एका रविवारी शिकता येईल. लिनक्समध्ये एकाच ड्राइव्हला दोन नावं असतात, एसटी-झीरो आणि एनएसटी-झीरो. पहिल्या नावानं लिहिलं की काम संपताच टेप आपोआप गुंडाळली जाते आणि पुढचा बॅकअप आधीच्याच्या डोक्यावर लिहिला जातो. ही चूक खोट्या टेपेवर एकदा करून बघावी, म्हणजे खऱ्या टेपेवर होणार नाही. आरएचसीएसए ही लिनक्सची परीक्षा प्रत्यक्ष मशीनवर काम करून द्यायची असते, ती वर्षभरात द्यावी.

रात्रपाळीची काळजी रास्त आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा २०१७ नुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कर्मचाऱ्याला तिच्या संमतीनेच काम देता येतं, आणि सुरक्षिततेची व घरापर्यंतच्या वाहनाची व्यवस्था मालकानं करायची असते. गाडी दारापर्यंत येते की स्टेशनवर सोडते, हे तिनं आधीच विचारावं आणि उत्तर ईमेलवर घ्यावं. तुम्ही स्वतः एकदा जाऊन राहण्याची जागा बघून या.

होकार देण्यापूर्वी तिनं तिथल्या वरिष्ठांना आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. शेवटचं पूर्ण रिस्टोअर कधी करून बघितलं आणि किती तास लागले? कॅटलॉगची आणि किल्ल्यांची प्रत इमारतीबाहेर कुठे असते? पहिल्या वर्षात मला रिस्टोअरला बसवणार का? पहिल्या दोन प्रश्नांना आकडा आणि जागा सांगून उत्तर आलं, तर तिथे शिकवणारी माणसं आहेत असं समजा. तिसऱ्याला नुसतं “बघू” असं उत्तर आलं, तर वर्षाला निदान दोन ड्रिलमध्ये सहभाग एवढं तरी लेखी मागावं. तेही मिळत नसेल तर दुसरीकडे अर्ज करावा. हे काम करणारी ती एकच जागा नाही.

एक विचारायचं राहिलं. वाळवलेल्या त्या जनरल रजिस्टरची दुसरी प्रत आता कुठे आहे? नसेल तर मुलगी महाप्याला जाण्याआधी शाळेची परवानगी काढून तिच्याकडूनच पानापानाचे फोटो काढून घ्या, आणि ती प्रत शाळेत ठेवू नका. नदीपासून लांब, कुणाच्या तरी वरच्या मजल्यावर ठेवा.

आपला,
करिअर मार्गदर्शक